हरणकोटच्या घंटेचा राहिलेला टोला

मित्रांनो, वाईहून सकाळची एस.टी. धरा, शेवटच्या थांब्यावर उतरा आणि चढणीला लागा. धाप लागली की वर बघा. ढगात डोकं खुपसून बसलेला काळाकभिन्न तट दिसेल. तो आमचा हरणकोट. एके काळी हे भरलेलं शहर होतं. चारी बाजूंनी तट, जागोजागी बुरूज, मधोमध बाजारपेठ आणि आत यायला एकच वेस. त्या वेशीच्या कमानीत टांगलेली जुनी घंटा म्हणजे मी. मान वर केल्याशिवाय मी दिसत नाही, आणि हल्ली मान वर करतो कोण? सगळ्यांच्या माना हातातल्या फोनात. असो. मी कुरकुरी आहे, हे तुम्हाला लवकरच कळेल. पण माझा एक टोला द्यायचा राहून गेला आहे, आणि तो का राहिला हे तुमच्या कानावर घातल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायची नाही.

माझा जन्म इथला नाही. मी सांगलीकडची, आष्ट्याची. पण माझं अंग मात्र हरणकोटच्याच घराघरांतलं आहे. त्याचं असं झालं. हरणकोट हे धुक्याचं गाव. श्रावणात असं धुकं उतरतं की स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. तटाच्या पश्चिमेला सरळ तुटलेला कडा आहे. फार पूर्वी गुरांमागे गेलेली, जळण आणायला गेलेली माणसं धुक्यात वाट चुकायची, आणि त्यातली काही परत घरी यायचीच नाहीत. शेवटी गाव एकत्र बसलं आणि वेशीत मोठी घंटा टांगायचं ठरलं. गावाजवळ पैसा कुठला? मग ज्याच्या घरात जी धातूची मोडतोड असेल ती त्यानं आणून दिली. कुणी गळकं तपेलं दिलं, कुणी चेपलेला तांब्या, कुणी फुटके टाळ. एका म्हातारीनं कड्यावरून गेलेल्या आपल्या लेकाचं काशाचं ताट आणलं, पदरानं पुसलं आणि ढिगावर ठेवलं.

बैलगाडीतून तो सगळा ढीग आष्ट्याच्या ओताऱ्याकडे गेला. ओतारी म्हणजे धातू वितळवून मूर्ती, भांडी, घंटा ओतणारा कारागीर. आमचा ओतारी ढीग बघून नाक मुरडत म्हणाला, "असल्या भंगाराची घंटा बसकी बोलती बघा." आणि तसंच झालं. देवळातल्या घंटांसारखा माझा आवाज गोड नाही. माझा आवाज बसका, जाड, जरासा रडवेला. पण धुक्यात गोड आवाज जवळच विरून जातो आणि माझा मात्र पार कड्यापर्यंत पोचतो, हे गावाला पहिल्याच श्रावणात कळलं. ओतून झाल्यावर मला वाईच्या घाटावर कृष्णेत न्हाऊ घातलं, हळदीकुंकू लावलं आणि बांबूला बांधून गडी मला खांद्यावरून वर घेऊन आले. त्या दिवशी माझा केवढा थाट होता म्हणून सांगू! नवरीलाही मिळणार नाही एवढा मान मला मिळाला.

माझं काम साधं होतं. धुकं उतरलं आणि कोणी वेशीबाहेर असलं की मला वाजवत राहायचं. घाईनं नाही, संथपणे, पण न थांबता. बाहेरच्या माणसानं डोळे विसरायचे आणि कानांनी वाट धरायची. एकेक जण वेशीतून आत यायचा. सगळ्यांत शेवटी जो आत येईल त्यानं स्वतःच्या हातानं मला एकच ठसठशीत टोला द्यायचा. तो टोला ऐकला की गाव समजायचं, आता बाहेर कोणी नाही. बायका चुलीवरचं कालवण उतरवायच्या आणि ताटं वाढायला घ्यायच्या. त्या एका टोल्यावर हरणकोट गाढ झोपी जात असे. शेवटच्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणी तो टोला द्यायचा नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

दिवस पालटले. गावात पिकेना, पोटाला पुरेना. कुणी साताऱ्याला कारखान्यात गेलं, कुणी फौजेत भरती झालं. बाजारपेठेच्या दुकानांच्या भिंती पडल्या आणि नुसती जोती उरली. आज तिथं घाणेरी माजली आहे आणि तिच्यातून शेरडं चरत हिंडतात. आत उरली फक्त मूठभर घरं. वेशीला लागून असलेलं पहिलं घर शालूबाई आणि नाथाजी शेलारांचं.

नाथाजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. उंच, काटक, डाव्या पायानं जरा लंगडत चालणारे. त्यांचा मुलगा पृथ्वीराजही फौजेतच, लांब सरहद्दीवर. शालूबाई ठेंगणी, बोलायला फटकळ आणि मनगटाला घट्ट. मला वाजवायचं काम तिच्याकडे होतं, तिच्या सासूकडून आलेलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती शिडी लावून वर चढायची आणि चिंचेनं मला अशी लख्ख घासायची की माझ्यात तिचा चेहरा दिसायचा. घासता घासता बोलायची, "बाई गं, तुझं बरं हाय. वर्सातनं एकदा आंघोळ केली तरी चालतं." तिचं हे बोलणं ऐकायला मी वर्षभर वाट बघायचे.

मग वेशीबाहेरच्या माळापर्यंत डांबरी रस्ता आला आणि त्याबरोबर पाहुणे आले. रविवारी माळावर गाड्याच गाड्या. कोटाला बाहेरून पूर्ण वळसा घालायची एक पायवाट आहे. तटाच्या पायथ्यापायथ्यानं जाते, पश्चिमेच्या बुरुजाखालून कड्याच्या कडेनं वळते आणि पुन्हा वेशीत येते. तिला सगळे तटफेरी म्हणतात. नाथाजी लोकांना ती फेरी घडवायचे. त्यांच्या सांगण्यात बढाई नसायची. ही जंगी, इथून बंदूक रोखायचे, हे पाण्याचं टाकं, यातलं पाणी उन्हाळ्यातही आटत नाही, असं सरळ सांगायचे. पण निघायच्या आधी वेशीत सगळ्यांना उभं करून ते एक गोष्ट हटकून करायचे. फौजेतल्यासारखी गिनती. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजायचे आणि माझ्याकडे बोट दाखवून बजावायचे.

"ह्या वरच्या बाईला वळखून ठेवा. परत आल्यावर जो सगळ्यांत मागनं येईल, त्येनं हिला एक टोला द्यायचा. गिनती पुरी झाल्याबिगर टोला न्हाई. काय?"

लोक हसायचे, पण परतल्यावर मोठ्या हौसेनं टोला द्यायचे. खरं तर बहुतेक वेळा शेवटी येणारे नाथाजीच असायचे, कारण ते कुणालाही आपल्या मागे राहू देत नसत. टोला देऊन ते पाहुण्यांना गाडीपर्यंत पोचवायला माळावर जायचे आणि घरी यायला मुद्दाम उशीर करायचे, कारण पाराजवळ तंबाखू मळत गप्पा मारायचा त्यांना नाद होता. शालूबाई घरातून टोला ऐकायची आणि म्हणायची, "आलं आमचं हवालदार." मग चहाचं आधण ठेवायची. ते सुखाचे दिवस होते. मी तेव्हा उगाच कुरकुरायचे की गावच्या घंटेची करमणूक करून टाकली. आता वाटतं, तसंच चालू राहिलं असतं तर फार बरं झालं असतं.

काही वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. एका रविवारी सांगलीहून तिघं जण आले. सुमंत, त्याची धाकटी बहीण अपूर्वा आणि त्यांचा मित्र यशराज. पोरं चांगली होती, मी उगाच नावं ठेवणार नाही. अपूर्वानं तर शालूबाईच्या अंगणातल्या तेरड्याचंही कौतुक केलं. नाथाजींनी त्यांची गिनती केली, माझी ओळख करून दिली आणि तटफेरीला घेऊन गेले. दुपार कलली तसं कड्याखालून पांढरं धुकं वर चढायला लागलं. बुरुजाजवळ यशराज फोटो काढत थांबला. "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच," म्हणाला. नाथाजींनी त्याला दोनदा हटकलं. पण पाऊस वाढत होता, अपूर्वाचे बूट घसरत होते, म्हणून आधी या दोघांना वेशीत पोचवावं आणि मग त्या पोराला आणावं, असं त्यांनी ठरवलं.

ते वेशीत आले तेव्हा समोरचा माळही दिसेनासा झाला होता.

"शाले, वाजव गं!" त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली. "पोरगं एक मागं ऱ्हायलंय."

शालूबाई पदर खोचत बाहेर आली. "आवं, येकलं कुठं निगाला? कुणाला तरी घ्या की संगं."

"कुणाला घिऊ? बुरजापातूर तर जायाचं. तू च्या टाक, ह्ये गेलो आन् ह्ये आलो."

एवढं बोलून ते काठी टेकत धुक्यात शिरले. त्यांची पाठ मी पाहिली ती शेवटची.

शालूबाई मला वाजवू लागली. संथ, न थांबता. सुमंत पावसातून पळत गाडीत जाऊन बसला, पण अपूर्वा तिच्याजवळच उभी राहिली. बऱ्याच वेळानं तिनं पाहिलं की शालूबाई एका हातानं दुसरा खांदा दाबते आहे.

"मावशी, द्या माझ्याकडं. मी वाजवते थोडा वेळ."

शालूबाईनं तिच्याकडे बघितलं. पोरगी मनापासून म्हणत होती. "थांबवू नगंस बरं. ह्ये येईपातूर थांबवायचं न्हाई. मी च्याचं बगून येते, तुमी समदी भिजलाय." तिनं दोर अपूर्वाच्या हातात दिला आणि ती घरात गेली.

मित्रांनो, त्या पोरीनं मला नीट वाजवलं हो. अगदी शालूबाईसारखं. माझा आवाज धरूनच तो यशराज आला. पण तो तटफेरीच्या वरच्या वाटेनं आला नाही. धुक्यात तो खालच्या गुरांच्या वाटेला लागला होता आणि तिथूनच वेशीत येऊन उभा राहिला. नाथाजी वरच्या वाटेनं त्याला शोधत गेले होते. दोघांची गाठच पडली नाही.

त्याला बघून अपूर्वा किंचाळलीच. सुमंत गाडीतून धावत आला. तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, हसले, शिव्या घातल्या. जीव भांड्यात पडला की माणूस असाच वेडापिसा होतो. आणि त्या भरात यशराज म्हणाला, "अरे, टोला! मी शेवटचा ना? टोला माझा!" सुमंतनं व्हिडिओ काढायला फोन वर धरला. अपूर्वानं दोर यशराजच्या हाती दिला. आणि यशराजनं मला एक खणखणीत टोला दिला.

त्यांची गिनती पुरी झाली होती. तिघं आले होते, तिघं परत निघाले होते. त्यांना शोधायला गेलेला माणूस त्यांच्या गिनतीत नव्हता.

दोर कुणाच्या हातात आहे ते मला कळतं. हा हात नाथाजींचा नाही, हे मला लोळा, म्हणजे माझी जीभ, हलायच्या आधीच कळलं होतं. पण मला 'नको' म्हणायला येत नाही. मारलं की वाजायचं, एवढंच मला देवानं दिलं आहे. त्या दिवशी मला माझ्या जन्माचा पहिल्यांदा वीट आला.

अपूर्वा मात्र थबकली. धुक्याकडे बघत म्हणाली, "दादा, काका अजून आले नाहीत."

"अगं, घंटा ऐकली ना त्यांनी. येतीलच मागनं. इथलाच माणूस आहे तो, त्याला थोडीच वाट दाखवायला लागणार?" सुमंत म्हणाला. "चल लवकर. घाटात धुकं वाढलं तर सांगली गाठणं मुश्किल होईल."

ती क्षणभर घुटमळली. दोराला पुन्हा हात लावावा असं तिच्या मनात आलं होतं, तिची बोटं दोराला लागली सुद्धा. मग गाडीचा हॉर्न वाजला आणि ती गेली.

घरात शालूबाईनं टोला ऐकला. "आलं आमचं हवालदार," ती म्हणाली आणि चहात आलं ठेचून घातलं. गाडी गेल्याचाही आवाज तिनं ऐकला. "काय पाव्हणं बाई, च्या न घेताच गेलं," असं ती चुलीपाशी पुटपुटली. नाथाजी पाराजवळ तंबाखू मळत बसले असतील, असं तिला वाटलं. चहा निवला. तिनं पुन्हा गरम केला. पुन्हा निवला.

आणि तिकडे बुरुजाजवळ नाथाजींनीही तो टोला ऐकला असणार. पोरगं पोचलं, म्हणून त्यांना बरंच वाटलं असेल. तसे ते होतेच. काठी फिरवून ते माघारी वळले असतील. पण टोल्यानंतर मी गप्प झाले होते. टोला झाला म्हणजे बाहेर कोणी नाही, मग घंटा कशाला वाजेल? ओळखीची वाट असली म्हणून काय झालं, धुक्यात ती दिसायला तर हवी. एरवी माझा आवाज उजव्या कानावर ठेवून ते डोळे मिटून आले असते. त्या दिवशी त्यांच्या दोन्ही कानांत नुसता पाऊस होता.

अंधारताना शालूबाई पाराकडे गेली. पारावर कोणी नव्हतं. ती तशीच पळत वेशीत आली आणि तिनं दोर धरला. त्यापुढचं मी सांगणार नाही. उजाडल्यावर गावातली माणसं कड्याखाली उतरली, आणि दुपारी नाथाजींना झोळीतून वर घेऊन आली. जिथं वाट तटाकडे वळते तिथं ते सरळ गेले होते. वेशीतून आत आणताना झोळी माझ्या खालून गेली. कुणाला तरी आठवलं असावं, कारण एक म्हातारा गडी हळूच म्हणाला, "टोला?" शालूबाईनं मान हलवली. नाही.

तिचा मुलगा पृथ्वीराज रजा घेऊन आला. आईला आपल्याबरोबर चल म्हणाला, हातापाया पडला. ती गेली नाही. तो परत गेल्यावर तिनं शिडी लावली, वर चढली आणि माझ्या लोळ्याला पोतं गुंडाळून सुतळीनं करकचून बांधलं. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दसरा आला नि गेला, मला चिंच लागली नाही. कुणीतरी खाली फळी ठोकली, 'घंटा वाजवू नये.' का वाजवू नये, ते त्यावर लिहिलेलं नव्हतं. माझ्या अंगावर हिरवट कळंक चढला. आणि पाहुणे? ते येतच राहिले. एकमेकांच्या खांद्यावर चढून त्यांनी माझ्यावर पांढऱ्या रंगानं आपापली नावं लिहिली, बदाम काढले. ज्या घरांची भांडी वितळून मी झाले त्यातल्या एकाचंही नाव माझ्यावर नाही, आणि या सोम्यागोम्यांची आहेत! मला राग यायचा, पण जीभ बांधलेली. वर्षभर मी अशी मुकी लटकत होते. तोंडावरून वटवाघळं ये-जा करायची आणि मी आपली ऐकत राहायचे.

पुन्हा श्रावण आला. एका सकाळी एस.टी.नं येऊन, चढण चढून एक मुलगी वेशीत उभी राहिली. अपूर्वा. एकटीच. वर्षभरात फार वाळली होती. तिनं वर बघितलं, माझं पोतं बघितलं आणि भिंतीला हात टेकून खाली बसली.

शालूबाई दारात शेंगा फोडत होती. तिनं लगेच ओळखलं. "का आलीस?"

"मावशी, आम्हाला आठ-दहा दिवसांनी बातमी कळली. दादानं तो व्हिडिओ खोडून टाकला. यशराज माझ्याशी बोलतच नाही आता." ती दोराकडे बघत होती. "टोला यशराजनं दिला. पण त्याला माहीत नव्हतं काका बाहेर आहेत ते. मला माहीत होतं. दोर माझ्या हातात होता, मावशी. तुम्ही मला थांबवू नकोस म्हणाला होता."

शालूबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं, आता ही हिला वेशीबाहेर काढणार. काढलं असतं तरी कुणी तिला बोल लावला नसता.

"व्हय, म्हणलं हुतं," ती म्हणाली. मग उठली, आत गेली आणि कपबशी घेऊन बाहेर आली. "घे. तवाचा च्या ऱ्हायलाय तुमचा."

अपूर्वानं कप घेतला आणि तिला असं काही रडू कोसळलं की चहा बशीत सांडला. शालूबाईनं तिच्या पाठीवर हात फिरवला नाही. डोळेही पुसले नाहीत. नुसती समोर बसून राहिली, पोरीचा चहा पिऊन होईपर्यंत.

त्याच दिवशी आष्ट्याच्या शाळेची पोरं कोट बघायला आली होती. चिंतामण सर म्हणून त्यांचे शिक्षक होते. त्यांनी पोरांना स्वतःच तटफेरीला नेलं, कारण आता न्यायला इथं कोण होतं? दुपार कलली आणि कड्याखालून धुकं चढलं. आधी माळ गेला, मग बाभळी गेल्या, मग वेशीची पायरी गेली. लांबून पोरांचा कालवा ऐकू येत होता. हळूहळू तो फुटला. एक आवाज इकडून, एक तिकडून. मग कोणीतरी लहान पोर "सर, सर" म्हणून रडायला लागलं.

अपूर्वा ताडकन उठली. तिनं वर माझ्याकडे बघितलं आणि मग शालूबाईकडे.

शालूबाई जागची हलली नाही. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. आजवर मी एवढी कुरकुर केली, पण तेव्हा मी मनातल्या मनात तिच्या पाया पडले. उठ गं बाई, म्हटलं. मला बोलू दे. माझ्यावरचा राग पोरांवर काढू नकोस.

ते पोर पुन्हा रडलं. या वेळी आवाज कड्याच्या बाजूनं आला.

"मेल्यांनो!" शालूबाई ओरडली, कुणाला कोण जाणे, आणि उठली. विळा घेऊन शिडीवर चढली. सुतळी कचाकच कापली, पोतं ओढून खाली फेकलं. अपूर्वानं दोराला हात घातला तशी ती वरूनच गरजली, "तू न्हाई! मी वाजवते. तू कमानीत हुबी ऱ्हा आन् येईल त्या पोराला हात लावून मोज."

आणि मी वाजले. वर्षभर गप्प राहिल्यावर माझा आवाज आणखीच बसला होता, पण लांब गेला. शालूबाई दोर ओढत होती, तिचा खांदा दुखत होता, डोळ्यांतलं पाणी गालावरून वाहत होतं, आणि एकदाही तिनं हात थांबवला नाही. धुक्यातून पोरं यायला लागली. कुणाच्या पायात चप्पल नव्हती, कुणाचं दप्तर हरवलं होतं. अपूर्वा प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत होती आणि पुटपुटत मोजत होती, नाथाजींसारखीच. ते रडणारं पोरही एका मोठ्या मुलीचं बोट धरून आलं. शेवटी चिखलानं माखलेले चिंतामण सर आले.

"आले सगळे?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"सगळे आले सर. तुम्ही शेवटचे," अपूर्वा म्हणाली.

सर कमानीखाली वाकले, गुडघ्यांवर हात ठेवून दम घेतला. मग त्यांना काहीतरी आठवलं. इथल्या जुन्या रिवाजाबद्दल त्यांनी कुठंतरी ऐकलं असावं. ते शालूबाईजवळ आले आणि आदबीनं म्हणाले, "आजी, मी शेवटचा. टोला मी द्यायचा ना आता?" आणि त्यांनी दोराकडे हात नेला.

शालूबाईनं दोर छातीशी धरला.

"न्हाई सर. अजून एक माणूस बाहेर हाय."

सर दचकले. घाबरेघुबरे होऊन पोरं पुन्हा मोजायला लागले. "नाही हो आजी, आमची सगळी आलीत."

"तुमचं न्हवं," ती म्हणाली. "आमचं."

अपूर्वा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. शालूबाई आणखी थोडा वेळ मला वाजवत होती. पोरं माळावरच्या गाडीत बसली, गाडी गेली, तरी ती वाजवतच होती. मग हात दुखायला लागला तेव्हा तिनं दोर हळूच सोडला.

मित्रांनो, त्या दिवसापासून मला पुन्हा पोतं बांधलेलं नाही. धुकं उतरलं की शालूबाई मला वाजवते आणि माणसं आत येतात. पण शेवटचा टोला आता इथं कुणी देत नाही. अपूर्वा दर श्रावणात येते. माझ्यावरची पांढरी नावं तिनं चिंचेनं घासून काढली, तिचे हात पार सोलले त्यात. शालूबाई तिला चहा देते, जास्त बोलत नाही.

तुम्ही हरणकोटला जरूर या. तटफेरी करा, टाक्याचं गार पाणी प्या, माझ्याशी चार शब्द बोला. जुन्या गावातली प्रत्येक वस्तू काही शोभेला टांगलेली नसते. तिला हात लावायच्या आधी ती कशासाठी आहे ते कुणाला तरी विचारा. आणि घरी निघताना आपली माणसं मोजाल, तेव्हा तुम्हाला शोधायला धुक्यात गेलेल्या माणसालाही त्या गिनतीत धरा. तो आत आल्याशिवाय गाडी चालू करू नका. माझा तो एक टोला मात्र मागू नका. तो नाथाजींचा आहे.